बल्ब सारखा ‘ऑफलाइन’ का जातो? घरातली ३० स्मार्ट उपकरणं एकत्र नांदवायची कशी?

रात्रीचे तीन वाजलेत. लाईट जाते. पाच-सात मिनिटांनी परत येते आणि बेडरूममधला स्मार्ट बल्ब लख्ख पेटतो. हॉलमधलाही पेटतो, पॅसेजमधलाही. घरातला तरुण मुलगा अर्धवट झोपेत फोन शोधतो, ॲप उघडतो, तर ॲप सांगतं ‘डिव्हाइस ऑफलाइन’. कारण राउटरही आत्ताच चालू झालाय आणि त्याला पूर्ण जागं व्हायला अजून दोन-तीन मिनिटं लागणार आहेत. शेवटी आजी उठतात, भिंतीवरचं बटण बंद करतात आणि झोपून जातात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता आपोआप लागणारे दिवे लागत नाहीत. का, तर आजींनी बंद केलेलं बटण बंदच आहे. बल्बला वीजच नाही, तर तो ॲपचं ऐकणार कसा?

स्मार्ट उपकरणं घेतलेल्या बहुतेक घरांत हा किस्सा थोड्याफार फरकाने घडतो. एक बल्ब आणि एक स्पीकर असेपर्यंत सगळं मजेत चालतं. सेलमध्ये आणखी चार बल्ब येतात, मग दोन कॅमेरे, मग गिझरचा प्लग. आकडा वीस-पंचवीसच्या पुढे गेला की रोज काहीतरी एक रुसलेलं असतं. लोक मग बल्बच्या कंपनीला शिव्या घालतात किंवा इंटरनेटचा महागडा प्लॅन घेतात. बऱ्याचदा दोष या दोघांचाही नसतो. घरातल्या वाय-फायची आणि वायरिंगची मांडणीच इतक्या पाहुण्यांसाठी केलेली नसते.

आधी मोजा

पुण्या-ठाण्यातला एखादा टू बीएचके फ्लॅट घ्या. चार पंखे, चार बल्ब, स्विचबोर्डांच्या मागे बसवलेली पाच मॉड्यूल, दोन गिझरचे प्लग, दोन एसी, दोन टीव्ही, दोन स्पीकर, दोन कॅमेरे, दारावरची बेल, दाराचं कुलूप आणि फरशी पुसणारा एक रोबो. झाले २६. त्यात चार फोन आणि दोन लॅपटॉप धरले की ३२. पाहुणे आले की चाळीस.

हे सगळं बहुतेक घरांत एकाच डब्यावर चालतं, फायबरचं कनेक्शन देताना इंटरनेटवाल्याने फुकट दिलेल्या राउटरवर. कागदावर पाहिलं तर घरगुती राउटरकडे वाटायला सुमारे अडीचशे पत्ते असतात, त्यामुळे ३२ हा आकडा किरकोळ वाटतो. पण पत्ता देणं वेगळं आणि प्रत्येकाशी सतत बोलत राहणं वेगळं. स्वस्त राउटरची मेमरी आणि प्रोसेसर इतक्या जणांचा हिशेब ठेवता ठेवता दमतात. मग ते कुणाला तरी बाहेर काढतात, आणि बाहेर पडलेला बल्ब परत आत येण्यासाठी दार ठोठावत बसतो.

वेग भरपूर, पण बोलायला वेळ नाही

इथे एक गैरसमज आधी दूर केलेला बरा. स्मार्ट बल्बला वेगवान इंटरनेट लागत नाही. ‘चालू हो’, ‘बंद हो’ एवढाच निरोप, तोही काही बाइट्सचा. तीस बल्ब मिळून एका रीलइतका डेटाही खात नाहीत. त्यामुळे १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केल्याने बल्ब ऑनलाइन राहील, ही अपेक्षाच चुकीची.

अडचण हवेतल्या वेळेची आहे. वाय-फायच्या एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत माइक एकच असतो, तसंच. बोलणारे जितके जास्त तितकी रांग लांब. शिवाय ज्याचा आवाज क्षीण, तो हळूहळू बोलतो. राउटरपासून लांब, दोन भिंतींपलीकडे असलेलं उपकरण कमी वेगाने बोलतं, म्हणून तोच निरोप द्यायला जास्त वेळ माइक अडवून ठेवतं. बाथरूमबाहेरचा एक गिझर प्लग सगळ्या घराचं वाय-फाय संथ करू शकतो, तो असा.

त्यात बहुतेक स्वस्त स्मार्ट उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर बोलतात. फोन आणि लॅपटॉपसाठी ५ गिगाहर्ट्झचा मोकळा रस्ता आहे. तो वेगवान आहे, पण भिंत आडवी आली की लवकर थकतो. २.४ चा रस्ता लांब पोहोचतो, त्याच्या चिपा स्वस्त पडतात, म्हणून बल्बवाले तोच धरतात. पण हा रस्ता अरुंद आहे. भारतात त्यावर १३ चॅनल वापरता येतात, तरी ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना त्रास न देणारे नेहमीचे तीनच: १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये वरचे, खालचे, शेजारचे असे पंधरा-वीस राउटर याच तीन चॅनलांवर गर्दी करतात. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात, आणि मायक्रोवेव्हसुद्धा. दूध गरम करताना कॅमेरा अडखळतो, तो भास नसतो.

मग ‘वाय-फाय ६’ लिहिलेला नवा राउटर घ्यावा का? घ्यायला हरकत नाही, पण का घेतोय ते माहीत असावं. त्यातली गर्दी हाताळायची नवी युक्ती समोरच्या उपकरणालाही यावी लागते आणि बाजारातले बरेचसे बल्ब-प्लग अजून वाय-फाय ४ चीच भाषा बोलतात. नव्या राउटरचा खरा फायदा त्याच्या दमदार प्रोसेसरचा आणि मेमरीचा होतो.

त्याआधी फुकटातले उपाय करून पाहावेत. राउटर टीव्ही युनिटच्या मागे किंवा लोखंडी कपाटाच्या बाजूला असेल तर बाहेर काढा, उंचावर आणि शक्य तितका घराच्या मधोमध ठेवा. काँक्रीटची भिंत, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे सगळे सिग्नल खातात. जुन्या वाड्यांच्या जाडजूड भिंती किंवा कोकणातली चिरेबंदी घरं असतील, तर एका राउटरकडून अपेक्षाच ठेवू नये. तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट लागतोच, आणि तो शक्यतो लॅन केबलने जोडावा. बिनतारी रिपीटर स्वस्त पडतो, पण तो ऐकलेलं परत बोलतो, म्हणजे त्याच माइकवर दुप्पट वेळ घेतो.

राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चा चॅनल ‘ऑटो’ न ठेवता १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचा निवडावा आणि रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करावी. टीव्ही आणि डेस्कटॉपला शक्य असेल तर वायर जोडून हवेतून उतरवावं. कॅमेऱ्यांचं गणित वेगळं आहे. फुल एचडी कॅमेरा सतत रेकॉर्डिंग क्लाउडवर पाठवत असेल तर साधारण १ ते ४ एमबीपीएस अपलोड खातो. घरातली खरी गर्दी कॅमेरेच करतात, त्यामुळे ते ५ गिगाहर्ट्झवर चालणारे किंवा वायरचे मिळाले तर उत्तम.

‘डिव्हाइस सापडत नाही’

नवा बल्ब जोडताना सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे होते. बल्ब लुकलुकतोय, ॲप गोल गोल फिरतंय, आणि शेवटी ‘नॉट फाउंड’.

बऱ्याच राउटरमध्ये २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असतं. फोन ५ वर असतो, बल्बला फक्त २.४ कळतं. काही ॲप्सचा इथेच गोंधळ उडतो. दोन्हींना वेगवेगळी नावं द्यावीत किंवा जोडणीपुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद करावं. दुसरं कारण सुरक्षेच्या सेटिंगचं. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल तर जुनी उपकरणं आत येऊच शकत नाहीत, त्यांच्यासाठी डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय लागतो. तिसरं कारण साधं आहे. फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन बंद असतं, किंवा व्हीपीएन चालू असतं.

आणि पाच बल्ब एकदम बसवू नयेत. एक लावा, त्याला नाव द्या, अपडेट होऊ द्या, मग दुसरा.

आता एक सवय, जी नंतर बराच मनस्ताप वाचवते. उपकरणावर जो क्यूआर कोड किंवा ११ आकडी सेटअप कोड छापलेला असतो, त्याचा फोटो ते भिंतीत बसवण्याआधी काढून ठेवायचा. स्विचबोर्डाच्या मागे गेलेल्या मॉड्यूलचा कोड दोन वर्षांनी हवा झाला की वायरमनला बोलावून अख्खा बोर्ड उघडावा लागतो.

झिगबी, थ्रेड, मॅटर: ही काय भानगड?

सगळंच वाय-फायवर टाकलं पाहिजे असं नाही. झिगबी हे खास अशा छोट्या उपकरणांसाठीचं बिनतारी जाळं आहे. त्याचा वेग सेकंदाला जेमतेम २५० किलोबिट, पण ‘चालू’ आणि ‘बंद’ सांगायला तो पुरून उरतो. बॅटरीवरचा दरवाज्याचा सेन्सर त्यावर महिनोन्महिने चालतो. झिगबीला एक हब लागतो. राउटरच्या दृष्टीने तो हब म्हणजे एकच पाहुणा, मग त्याच्या मागे चाळीस सेन्सर असले तरी. वाय-फायची गर्दी कमी करण्याचा हा सगळ्यात सरळ मार्ग.

झिगबीत थेट विजेवर चालणारं प्रत्येक उपकरण पुढच्याचा निरोप पोचवतं. त्यामुळे घर जितकं भरेल तितकं जाळं मजबूत होतं. पण आजींनी बटण बंद केलेला बल्ब आठवा. तो जर मधला निरोप्या असेल, तर त्याच्या मागचे सेन्सरही मुके होतात. म्हणून हे काम प्लग आणि स्विच मॉड्यूलवर सोपवावं, बल्बवर नाही. झिगबीही २.४ च्या पट्ट्यातच बोलतं, तेव्हा हब राउटरला चिकटून ठेवू नये आणि वाय-फाय १ वर असेल तर झिगबीचा चॅनल २० किंवा २५ असा लांबचा घ्यावा.

थ्रेड ही त्याच जातीच्या रेडिओवरची नवी व्यवस्था. फरक असा की थ्रेडमधल्या प्रत्येक उपकरणाला इंटरनेटच्या पद्धतीचा स्वतःचा पत्ता असतो. घरच्या नेटवर्कला ते जोडणाऱ्या यंत्राला बॉर्डर राउटर म्हणतात, आणि काही स्मार्ट स्पीकर व टीव्ही बॉक्समध्ये तो आधीच बसवलेला असतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे बॉर्डर राउटर एकाच घरात आपापली वेगळी जाळी तयार करायचे, ही त्यातली मोठी तक्रार होती. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या थ्रेड १.४ ने त्यांना एका जाळ्यात यायची ठरावीक पद्धत दिली, पण जुन्या यंत्रांना ते अपडेट मिळालंय का हे पाहावं लागतं.

आणि मॅटर म्हणजे रेडिओ नाही, भाषा आहे. ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि तेव्हाची झिगबी अलायन्स यांनी २०१९ च्या डिसेंबरमध्ये ही संयुक्त मोहीम जाहीर केली. २०२१ मध्ये त्या अलायन्सचं नाव कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स झालं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटरची पहिली आवृत्ती आली. एकच बल्ब अलेक्सा, गूगल होम आणि ॲपल होम या तिन्हींत एकाच वेळी चालावा, आणि हुकूम घरातल्या घरात पोचावा, हा तिचा हेतू. कॅमेरे या भाषेत यायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडावा लागला.

खरेदी करताना एक फसगत टाळा. खोक्यावर मॅटरचा शिक्का आहे म्हणजे वाय-फायवरचा भार कमी होईल असं नाही. मॅटर थ्रेडवरही चालतं आणि वाय-फायवरही. वाय-फायवाला मॅटर बल्ब हा शेवटी तुमच्या राउटरवरचा आणखी एक पाहुणाच.

इंटरनेट गेलं की घर आंधळं?

स्वस्त वाय-फाय उपकरणांचा निरोप अनेकदा मोठा फेरफटका मारतो. तुम्ही सोफ्यावर बसून समोरचा दिवा लावता. तो हुकूम फोनमधून राउटरकडे, तिथून दुसऱ्या शहरातल्या किंवा देशातल्या सर्व्हरकडे आणि तिथून परत तुमच्याच हॉलमध्ये येतो. मधला कुठलाही दुवा तुटला की दिवा लागत नाही.

७ डिसेंबर २०२१ ला ॲमेझॉनच्या क्लाउडचं अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं केंद्र कोलमडलं, तेव्हा रिंगचे कॅमेरे, अलेक्सा आणि घरं झाडणारे रुंबा यंत्रमानवही अडकले होते. २० ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा त्याच भागात बिघाड झाला आणि अलेक्सा, रिंग पुन्हा गप्प झाले. हे काही तासांचे प्रकार. कंपनीनेच गाशा गुंडाळला तर?

तेही झालंय. रिवॉल्व्ह नावाचा ३०० डॉलरचा स्मार्ट होम हब होता. २०१४ मध्ये नेस्टने ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. लोकांच्या घरात चालू स्थितीतला हब होता, पण त्याचं उपयोगाच्या दृष्टीने एका दिवसात खोकं झालं. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर कुणालाही न सांगता बंद पडले. भिंतीवरची बटणं चालत होती, ॲप मात्र मेलं. पुढे जूनमध्ये तिच्याच काही ग्राहकांनी मिळून ती कंपनी विकत घेतली आणि सर्व्हर परत सुरू केले. अशी नशीबवान गोष्ट दर वेळी घडत नाही.

त्यामुळे उपकरण घेताना किमतीच्या आधी एक प्रश्न विचारावा: इंटरनेट नसताना हे घरातल्या घरात चालतं का? झिगबी, थ्रेड आणि मॅटरची उपकरणं साधारणपणे चालतात, मात्र त्यांचा हबही इंटरनेटशिवाय काम करणारा हवा. तपासणी सोपी आहे. फोन वाय-फायवर ठेवायचा, मोबाइल डेटा बंद करायचा, राउटरला येणारी बाहेरची इंटरनेट वायर काढायची आणि दिवा लावून पाहायचा.

ज्यांना थोडी खटपट करायची हौस आहे, त्यांच्यासाठी होम असिस्टंट आहे. पॉलस स्काउटसन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय किंवा जुन्या छोट्या कॉम्प्युटरवर चालतं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं घरातच एका पडद्यावर आणतं. पण त्याला देखभाल लागते. घरात ती करणारा एकच जण असेल आणि तो नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, तर मागे राहणाऱ्यांचे हाल होतात. अशा घरात साधा तयार हबच बरा.

बल्ब नको, बटण स्मार्ट करा

आपल्याकडच्या घरांना सगळ्यात उपयोगी पडणारा सल्ला हाच असावा. एका खोलीत चार स्मार्ट बल्ब म्हणजे वाय-फायवर चार पाहुणे, शिवाय बटण बंद झालं की चारही बाद. त्याऐवजी बोर्डाच्या मागे चार बटणांचं एक मॉड्यूल बसवलं तर पाहुणा एकच. बल्ब साधे, शंभर रुपयांचे. आणि आजींचं बटण पूर्वीसारखंच चालतं, कारण मॉड्यूल त्याच बटणाला जोडलेलं असतं. ॲपमधून लावलेला दिवा बटणाने बंद होतो, बटणाने लावलेला ॲपमधून. रंग बदलणारा उजेड हवा असेल तिथेच स्मार्ट बल्ब घ्यावा.

त्यासाठी बोर्डात न्यूट्रल वायर हवी, कारण मॉड्यूलला स्वतःला सतत वीज लागते. आपल्याकडे बहुतेक बोर्डांवर एखादा सॉकेट असतो, त्यामुळे न्यूट्रल तिथे आलेली असते. नुसत्या दिव्यांच्या बोर्डात मात्र ती नसू शकते. जिन्यातले आणि बेडरूममधले टू-वे स्विच ही आणखी वेगळी कसरत. खरेदीच्या आधी वायरमनकडून दोन-तीन बोर्ड उघडून पाहून घेतले तर पैसे वाचतात. बसवण्याचं काम त्यालाच करू द्यावं, आणि मेन स्विच बंद करूनच. बोर्डाचा मागचा डबा पत्र्याचा असेल तर तो सिग्नल दाबतो, तिथे राउटर किंवा हब जवळ लागतो.

पंख्याच्या बाबतीत एक चूक फार होते. बीएलडीसी पंखा किंवा स्मार्ट बल्ब जुन्या रेग्युलेटरवरून चालवायचा नसतो. तो रेग्युलेटर काढून थेट बटणाला जोडावा लागतो.

गिझरचं गणित तर चुकूच नये. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढतो, ३ किलोवॅटचा १३. अडॅप्टर लावून त्याला ६ किंवा १० अँपिअरचा छोटा स्मार्ट प्लग जोडला तर प्लग तापतो, वितळतो, आगही लागू शकते. गिझर आणि एसीला १६ अँपिअरचाच. आणि गिझरला नुसतं ‘सकाळी सहाला चालू’ लावून भागत नाही, सोबत ‘वीस मिनिटांनी बंद’ लावावं. ते बंद करणारा टायमर प्लगच्या आत असावा, क्लाउडवर नसावा, म्हणजे मधेच नेट गेलं तरी गिझर बंद होईल.

एसी, सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही जुने असतील तर नवे स्मार्ट घ्यायची गरज नाही. आयआर ब्लास्टर नावाची एक छोटी डबी या सगळ्यांच्या रिमोटची नक्कल करते. तिला एसी खरोखर चालू झाला की नाही हे कळत नाही, एवढी तिची मर्यादा.

आता तीन वाजता पेटलेल्या बल्बकडे परत. बऱ्याच ॲपमध्ये प्रत्येक बल्बसाठी एक सेटिंग असतं: वीज परत आल्यावर काय करायचं. कंपनीकडून ते बहुधा ‘चालू’ असंच येतं. ते बदलून ‘आधीच्या स्थितीत’ किंवा ‘बंद’ करावं. आणि राउटर, फायबरचा डबा व हब हे तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, फक्त आपल्या राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट-अँपिअरचा आकडा त्याच्याशी जुळतोय हे पाहायचं. राउटर जागा राहिला तर लाईट आल्यावर सगळी उपकरणं पटकन परत जोडली जातात.

नावं, पासवर्ड आणि चाव्या

तीस उपकरणं ‘स्मार्ट लाइट १’, ‘स्मार्ट लाइट २’ अशा नावांनी पडून असली की महिन्याभरात कुणालाच काही कळत नाही. ‘हॉल पंखा’, ‘किचन लाइट’ अशी खोली आणि वस्तू मिळून नावं द्यावीत. आवाजाने चालवायचं असेल तर दोन नावं उच्चाराला सारखी नकोत. अलेक्सा भारतीय इंग्रजी आणि हिंदी समजते, ‘देवघर’ आणि ‘माजघर’ यांत तिची गफलत होऊ शकते. नाव देऊन एकदा तोंडी म्हणून पाहावं.

राउटर बदलताना जुन्याच वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जसेच्या तसे नव्याला द्यावेत. अक्षरन्‌अक्षर. बहुतेक उपकरणांना मालक बदललेला कळतही नाही, ती आपोआप जोडली जातात. नवं नाव दिलं तर तीसही उपकरणं एकेक करून परत जोडावी लागतात, आणि रविवार जातो.

उपकरणांसाठी राउटरवर वेगळं नेटवर्क करणं चांगलं. अनेक राउटरमध्ये त्यासाठी गेस्ट नेटवर्क वापरता येतं. अडचण एवढीच की काही गेस्ट नेटवर्क फोन आणि उपकरणं यांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, मग टीव्हीवर व्हिडिओ पाठवणं बंद पडतं. पण वेगळेपणाचं कारण गंभीर आहे. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने इंटरनेटवरचे लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी काही अद्भुत हॅकिंग लागलं नाही. कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डांच्या जोड्या ते एकेक करून लावून पाहायचं. याच फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेतल्या बऱ्याच लोकांसाठी ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट बंद पडलं. म्हणून कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी आणि राउटरचं, उपकरणांचं सॉफ्टवेअर अपडेट होत राहू द्यावं.

बेडरूममध्ये कॅमेरा ठेवायची मुळात गरज आहे का, हेही एकदा विचारात घ्यावं.

आणि शेवटी चाव्या कोणाकडे, हा प्रश्न. बहुतेक घरांत सगळी उपकरणं एकाच माणसाच्या फोनवर, त्याच्याच ईमेलवर असतात. मुलगा न्यू जर्सीत आणि आई-बाबा कोथरूडला, सगळं नियंत्रण न्यू जर्सीतून, असंही असतं. तो झोपेत असताना इथे दाराचं कुलूप अडलं तर बाहेर ताटकळायचं कुणी? किल्लीने उघडता येणारंच स्मार्ट कुलूप घ्यावं आणि किल्ली शेजाऱ्यांकडेही असावी. ॲपमध्ये घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सदस्य म्हणून जोडावं, किमान दोघांना पूर्ण अधिकार द्यावेत.

हे सोयीपुरतं नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांबद्दल लिहिलं होतं. जोडीदार घराबाहेर असूनही एसी, दिवे, कुलपं, स्पीकर दुरून चालवून घरातल्या बाईला छळायचा, आणि तिला ती यंत्रं बंद कशी करायची हेच माहीत नसायचं. खातं एकट्याचं आणि ज्ञानही एकट्याचं, हे त्यामागचं कारण. कॅमेरा कोण पाहू शकतं आणि बंद कसा करायचा, हे घरात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, कामाला येणाऱ्या मावशींनाही कॅमेरा आहे एवढं तरी सांगितलेलं असावं.

एका साध्या वहीत राउटरचा पासवर्ड, कोणतं उपकरण कोणत्या ॲपमध्ये, कोणत्या ईमेलवर, हे लिहून कपाटात ठेवावं. घर भाड्याचं असेल आणि सोडायचं झालं, तर प्रत्येक उपकरण आधी ॲपमधून काढून मग त्याचं फॅक्टरी रिसेट करायचं. नुसतं रिसेट केलं तर काही कंपन्यांची उपकरणं जुन्याच खात्याला बांधलेली राहतात, आणि नव्या भाडेकरूला दारावरची बेल जोडण्यासाठी जुन्या भाडेकरूचा नंबर शोधत बसावं लागतं.